विनोदी मालिका आणि तान्हें मूल

कौटुंबिक विनोदी मालिकेचा एक नियम असतो : घोटाळा अर्ध्या तासांत मिटावा आणि घर जेथें होतें तेथेंच परत यावें. १९७० नंतरच्या दशकांत चि. वि. जोशी यांचे चिमणराव (दिलीप प्रभावळकर) व गुंड्याभाऊ (बाळ कर्वे) मुंबई दूरदर्शनवर अवतरले, तेव्हां हेंच घडे. मोरू व मैना यांच्यादेखत बापाची फजिती होई. पण ती त्याच्या बढाईची असे, तुटपुंज्या पगाराची नव्हे.

अमेरिकेंतील 'रेझिंग होप' (२०१०–२०१४) या मालिकेंतील घर याहून दरिद्री. जिमीची आई लोकांचीं घरें झाडते, बाप बागा राखतो, पणजीस स्मृतिभ्रंश. त्यांत तेवीस वर्षांच्या जिमीच्या पदरीं आईवेगळी तान्ही मुलगी पडते. येथें तो नियम लटका पडतो. मूल वाढतें, तें पूर्ववत् कसें होणार? (तान्हीचें काम दोघी जुळ्या बहिणी करीत, तिकडे तान्ह्या मुलांच्या कामाचे तास कायद्यानें अगदीं थोडे ठरविले आहेत.)

दौंडची रेल्वे-चाळ किंवा शिरूरकडील ऊसतोडकऱ्यांची कोपी पाहिलेल्या विद्यार्थ्यांस असें घर परकें नाहीं. त्याला हंसावें काय ? अवश्य हंसावें, मात्र लेखकानें फाटक्या कपड्यांचीच थट्टा मांडली, तर संच खुशाल बंद करावा. या मालिकेच्या पहिल्या भागांत जिमीची आई बजावते कीं, हें मूल घरांत ठेवूं नये. रात्रीं तें रडूं लागतें, तेव्हां तीच नवऱ्यासह गाणें म्हणून त्यास निजविते.