पाव मिलिमीटरची चावी

सकाळी ९. दवाखाना उघडायच्या आधीच फोन. "मॅडम, काल रात्री लक्षात आलं, वरच्या पुढच्या दोन दातांत फट पडलीय. आमचं काही चुकलं का हो?" काहीच चुकलेलं नाही. या फटीचीच मी वाट पाहत होते. वरचा जबडा म्हणजे डावं-उजवं अशी दोन हाडं. लहानपणी ती टाळूच्या मधोमध एका शिवणीने जोडलेली असतात. टाळूला बसवलेल्या उपकरणातला आमचा स्क्रू ती शिवण उसवतो आणि दोन्ही हाडं आपापले दात घेऊन बाजूला सरकतात. फट दिसली म्हणजे दात नुसते कलंडले नाहीत, हाड हललं. हिरडीतले तंतू पुढे काही महिन्यांत ते दोन दात पुन्हा जवळ ओढून आणतात. ताईंना सांगते, स्क्रू फिरवायची चावी चालू ठेवा आणि फोटो पाठवत राहा.

सकाळी १०. सिन्नरहून आई आणि आजी नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आल्यात. तक्रार वेड्यावाकड्या दातांची. मी आधी रात्रीबद्दल विचारते. तोंड उघडं ठेवून झोपतो का? मान मागे टाकतो का? अंथरूण ओलं होतं का? आजी म्हणतात, "घोरतो की! अगदी आजोबांसारखा. गाढ झोप आहे पोराची."

हा समज मला रोज भेटतो आणि रोज अस्वस्थ करतो. रोज घोरणारं मूल गाढ झोपलेलं नसतं. हवा आत घ्यायला ते झगडत असतं. मोठा माणूस झोप झाली नाही की पेंगतो. मूल उलट चळवळ्या होतं, चिडचिड करतं, वर्गात त्याचं लक्ष टिकत नाही. शाळेतून तक्रार येते, घरी धपाटे बसतात आणि त्याच्या रात्रीकडे कुणी बघतच नाही.

मुलाला आ करायला सांगते. टाळू उंच, अरुंद. उजवीकडच्या वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसतात, म्हणजे क्रॉसबाइट. तोंडाचं छत हीच नाकाची जमीन असते. टाळू अरुंद म्हणजे बहुधा नाकाची वाटही अरुंद, आणि वर टेकायला जागा नसलेली जीभ खाली, मागे राहते. म्हणून टाळू रुंदावला की नाकातून हवा जायला अडथळा कमी होतो. पण आज मी काहीही बसवत नाही. आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी, नाकामागच्या ॲडेनॉइड ग्रंथी आणि टॉन्सिल बघायला. मग रात्रभराची झोपेची तपासणी. आईंचा चेहरा पडतो; सुट्टी टाकून आल्या होत्या. "आज रात्री तो झोपल्यावर थोडा व्हिडिओ काढा," एवढं मागून घेते.

दुपारी १२. आठ वर्षांच्या मुलीला उपकरण बसवायचं. दाढांभोवतीचे बँड, मध्ये स्क्रू, सगळं लॅबमधून जोडून आलेलं. दाढा कोरड्या करून सिमेंट लावते, बँड दाबते, कापूस चावायला देते. पुढची वीस मिनिटं तिच्या बाबांची. चावीला दोरा बांधलेला असतो. हातातून निसटली तरी घशात जाऊ नये म्हणून. पुढच्या भोकात चावी घाला, घशाच्या दिशेने ढकला, नवं भोक दिसेपर्यंत. अर्धवट सोडलीत तर पुढच्या वेळी भोक सापडणार नाही. एक फेरा म्हणजे पाव मिलिमीटर. सकाळी एक, रात्री एक. बाबांचा हात थरथरतो, मुलगी शांत. नाकाच्या मुळाशी, दोन डोळ्यांच्या मध्ये दाब जाणवतो म्हणते. काही मिनिटांत तो ओसरतो. चार दिवस लाळ सुटेल, बोबडं बोलेल, पोळीभाजी वर अडकेल. चिक्की बंद.

दुपारी २. डबा खाताना ज्युनिअर डॉक्टर विचारते, "मॅडम, मग घोरणाऱ्या प्रत्येक मुलाला हे का बसवू नये?" तिचा प्रश्न मला आवडतो. एमर्सन एंजेल यांनी १८६० मध्ये अमेरिकेत स्क्रूने टाळू रुंदावल्याचं लिहिलं, तेव्हा सहकाऱ्यांचा विश्वास बसला नव्हता. १९६१ मध्ये अँड्र्यू हास यांच्या लेखानंतर पद्धत रुळली, तीही दातांसाठी. झोपेचं म्हणाल तर २००४ मध्ये 'स्लीप' नियतकालिकात इटलीतल्या ३१ मुलांचा अभ्यास आला. झोपेत तासाला सरासरी बारा वेळा त्यांचा श्वास अडत होता. रुंदीकरणानंतर हे प्रमाण एकाच्याही खाली आलं. पण या मुलांचे जबडे अरुंद होते आणि ॲडेनॉइड-टॉन्सिल वाढलेले नव्हते. ही अट गाळून आकडा सांगणं मला अप्रामाणिक वाटतं. अमेरिकी ऑर्थोडॉन्टिस्टांच्या संघटनेनेही २०१९ मध्ये बजावलं: जबड्यात दोष असेल तरच रुंदीकरण करा, आणि निदान वैद्यकीय डॉक्टरांनाच करू द्या.

दुपारी ४.३०. चाळिशीतले गृहस्थ. मोबाइलवर व्हिडिओ पाहून आलेत; टाळू रुंद करायचा आणि घोरणं घालवायचं. विशीनंतर टाळूची शिवण बहुतेकांत घट्ट होते. लहान मुलांचा स्क्रू लावला तर दात बाहेर कलंडतात, हिरडी उतरते. मोठ्यांसाठी टाळूच्या हाडात बारीक स्क्रू रोवून किंवा शस्त्रक्रियेने हे करता येतं, पण यांचा टाळू चांगला रुंद आहे. मान जाड, रक्तदाबाची गोळी चालू, दुपारी गाडी चालवताना डुलकी लागते म्हणतात. त्यांना आधी झोपेची तपासणी हवी, आणि कदाचित झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं सीपॅप यंत्र. "म्हणजे तुम्ही काहीच करणार नाही?" ते विचारतात. झोपविकार बघणाऱ्या डॉक्टरांना त्यांच्यासमोरच फोन लावून उद्याची वेळ घेते, आणि तोवर गाडी चालवू नका म्हणून बजावते.

संध्याकाळी ६. पाचवीतली मुलगी. स्क्रू फिरवून झाला, क्रॉसबाइट गेला, पुढची फटही मिटत आली. गॅदरिंगमध्ये गाणं आहे आणि 'स' नीट उमटत नाही म्हणून उपकरण काढा, असा तिचा हट्ट. आई हळूच सांगते, "हल्ली तोंड मिटून झोपते. पण गाण्यासाठी रोज रडते." शिवणीच्या जागी नवीन हाड भरायला काही महिने लागतात, आत्ता काढलं तर मिळवलेली जागा पुन्हा आवळेल. मी नकार देते. मग तिला समोर बसवून गाण्यातल्या 'स' असलेल्या ओळी पुनःपुन्हा म्हणून घेते, जीभ कुठे टेकवायची ते दाखवते. चौथ्या-पाचव्या वेळी बरंच सुधारतं. उपकरण काढायची तारीख जानेवारीतली लिहिते. झोपेची तपासणी त्यानंतर पुन्हा करायची, कारण तोंड मिटलेलं दिसणं आणि श्वास न अडणं यांत फरक आहे. तेही आईच्या हातातल्या कागदावर लिहून देते.