आगाऊ नोंदणी : इसार कशासाठी?

इसार देण्यामागे व्यापाऱ्याचा काही हेतू असतो. माल मर्यादित असतो, भाव चढण्याची भीती असते किंवा आगाऊ रकमेवर सवलत मिळते. मराठी ग्रंथांच्या प्रकाशनपूर्व सवलत योजनेतही प्रकाशकाला छपाईसाठी भांडवल मिळते आणि वाचकाला ग्रंथ स्वस्त पडतो.

व्हिडिओ गेम बाजारात येण्यापूर्वीच त्याची पूर्ण किंमत भरावी, असा आग्रह आता घरातील मुले धरतात. इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा गेम कधी संपत नाही. त्याचा भाव चढण्याऐवजी काही महिन्यांत बहुधा उतरतोच. आगाऊ पैशांच्या मोबदल्यात मिळतो तो बहुतेकदा खेळातील एखादा शोभेचा पोशाख.

'सायबरपंक २०७७' या पोलिश कंपनीच्या गेमची सुमारे ८० लाख आगाऊ नोंदणी झाली होती. १० डिसेंबर २०२० रोजी तो आला आणि जुन्या प्लेस्टेशनवर इतका सदोष ठरला की, सुमारे आठवडाभरातच सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून पैसे परत देऊ केले.

मोजक्या प्रतींची विशेष आवृत्ती हवी असेल, तर नोंदणी समजण्याजोगी आहे. मात्र लॅमिंग्टन रोडवरील दुकानात रक्कम भरताना परताव्याची अट पावतीवर लिहून घ्यावी. 'स्टीम'वर गेम आल्यानंतर १४ दिवसांत, दोन तासांहून कमी खेळला असल्यास, परतावा मागता येतो.

परिग्रहाला मर्यादा घालणाऱ्या आपल्या घरांत मुलांना एवढा हिशेब अवश्य शिकवावा : आधी पारख, मग पैसे.