सामाईक सातबारा आणि बांधावरचा साग

पावसाळा सरला, रस्ते वाळले की मनोर, बोईसरच्या बाजूला लाकडाचे व्यापारी फिरू लागतात. घरातल्या एका भावाशी बोलणं होतं, थोडे पैसे आगाऊ मिळतात आणि एक दिवस बहीण माहेरी येते तर बांधावर नुसते खुंट. ‘जमीन माझ्या वहिवाटीत, झाडं मीच राखली,’ असं भाऊ म्हणतो.

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नसतं, पण कायद्यात ते पुरत नाही. जमीन महसूल संहिता 1966 चं कलम 25 सांगतं, की खातेदाराच्या जमिनीतली झाडं खातेदाराची. सातबाऱ्यावर चार नावं सामाईक असतील तर झाडंही चौघांची. ‘हा साग तुझा, तो माझा’ अशी तोंडी वाटणी घरात चालत असेल, पण रीतसर वाटप होईपर्यंत प्रत्येक झाडात प्रत्येकाचा हिस्सा राहतो.

शिवाय आपल्या जमिनीतलं झाड म्हणून लगेच कुऱ्हाड लावता येत नाही. 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्यात साग, खैर, ऐन, मोह, आंबा, फणस अशी झाडं आहेत. ती तोडायला परवानगी लागते. अर्जासोबत सातबारा आणि सहहिस्सेदारांची संमती जोडावी लागते. खरी गोम त्या संमतीपत्रात असते. ‘वारस नोंदीचा कागद आहे, अंगठा दे,’ असं सांगून सही घेतली जाते. कुलमुखत्यारपत्र तर त्याहून जड. वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका; भाऊ रुसला तर रुसू द्या.

आदिवासी खातेदारांसाठी 1969 चा वेगळा कायदा आहे. व्यापारी कवडीमोलाने साग नेत, म्हणून तो झाला. त्यात व्यापाऱ्याशी परस्पर सौदा चालत नाही. अर्ज सरकारकडे करायचा, तोड आणि विक्री वनखात्यामार्फत होते आणि पैसे खातेदाराला मिळतात. म्हणजे सातबाऱ्यावर नाव नसेल, तर पैशाच्या वेळी तुम्हाला कोण विचारणार?

नाव लागण्याचंही ऐका. हिंदू वारसा कायद्यात 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क मिळाला. हा कायदा अनुसूचित जमातींना थेट लागू नाही, तिथे रूढी पाहतात. मात्र 17 जुलै 2025 रोजी छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आदिवासी स्त्रीच्या वारसांना समान वाटा दिला. केवळ बाई म्हणून हिस्सा नाकारणं हा भेदभाव आहे, असं त्यात म्हटलं आहे.

तोड होणार असं कानावर आलं, तर त्याच दिवशी वनक्षेत्रपाल आणि तहसीलदारांकडे लेखी हरकत द्या. सोबत सातबारा जोडा आणि पोच घ्या. मात्र कोणाचा हिस्सा किती, हा वाद वनखातं सोडवत नाही. त्यासाठी दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा आणि तोडीला तात्पुरता मनाई हुकूम मागावा लागतो. झाडं आधीच गेली असतील, तर विक्रीचा हिशेब आणि आपल्या हिश्श्याची रक्कम मागता येते. तेव्हा खुंटांचे फोटो काढा, घेर मोजून लिहून ठेवा. दाव्यात तेच कामाला येतं. सगळ्यांचं एकमत असेल तर कोर्टाची गरज नाही. संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो.

वकिलाच्या फीची धास्ती वाटते ना? 1987 च्या विधी सेवा कायद्याने प्रत्येक स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. न्यायालयातच तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज द्यायचा. जाताना बचत गटातली एखादी सोबतीण घ्या आणि ताजा सातबारा विसरू नका.