नाल्यावरचा नारिंगी शेजारी

गणपती गेले, उन्हं पडू लागली, की गच्चीवर कपडे वाळत घालताना डोक्यावर चतुर भिरभिरू लागतात. मुलं त्यांना 'हेलिकॉप्टर' म्हणतात आणि शेपटीला दोरा बांधायला धावतात. आपणही लहानपणी तेच केलं की! पण सगळेच चतुर सारखे नव्हेत, बरं का.

उंचावर थव्याने तरंगणारा, फारसा न बसणारा पिवळसर चतुर हा पाहुणा. पावसाच्या डबक्यांत वाढतो आणि हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेकडे जातो, असं चार्ल्स अँडरसन यांनी मालदीवमधल्या निरीक्षणांवरून २००९ मध्ये मांडलं. एवढासा जीव, पण केवढी हिंमत!

दुसरा मात्र आपल्या कुर्ल्याचा शेजारी. मिठीच्या किंवा नाल्याच्या काठी गवताच्या पात्यावर बसतो, पाणी सोडून फार लांब जात नाही. लांबी जेमतेम सव्वा इंच. नराचं अंग तांबूस-नारिंगी, पंखांवर मुळापासून नारिंगी झाक, टोकं मात्र पारदर्शक. मादी फिकट पिवळट-हिरवी, तिच्या पंखांवर ही झाक नाही. इंग्रजीत त्याला 'डिच ज्युएल' म्हणतात, म्हणजे गटारातलं रत्नच! शास्त्रीय नावातला 'कंटॅमिनाटा' म्हणजे मळलेला. हे नाव फॅब्रिशियसने १७९३ मध्ये दिलं.

बऱ्याच चतुरांना स्वच्छ पाणी लागतं. हा सांडपाण्यातही तग धरतो. म्हणून काठावर हा एकटाच दिसला, बाकी कुणी नाही, तर समजावं, पाणी बिघडलंय. विहार-पवई तलावांचं जास्तीचं पाणी घेऊन मिठी कुर्ल्यावरून माहीमच्या खाडीला जाते. तिच्या काठची दलदल भरावाखाली गेली, तशी चतुरांची अंडी घालायची जागा गेली आणि पुराच्या पाण्याची पसरायची जागाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा घरात शिरलेलं पाणी कुर्लेकरणी कशा विसरतील?

चतुराची पिल्लं पाण्यात डासांच्या अळ्या खातात, हा त्यांचा उपकार. पण त्यांच्या भरवशावर राहू नका. डेंग्यूचा डास वाढतो आपल्याच घरात, पिंपात आणि कुंडीखालच्या ताटलीत. तिथे चतुर कुठला यायला? आठवड्यातून एकदा ही भांडी घासून कोरडी करा, पिंपावर झाकण ठेवा.

आणि मुलांच्या हातातला दोरा काढून वही द्या. रंग, जागा, तारीख लिहू देत. पुढच्या वर्षी नाल्यावर दुसरा कुणी चतुर आला, तर ते आधी त्यांनाच कळेल!