आज्ञावली परीक्षण

संगणकाची आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, आगाऊ निश्चित केलेल्या आवश्यकतांनुसार कार्य करते की नाही, हे पद्धतशीर चाचण्यांनी पाहण्याची क्रिया. आज्ञावली वापरात आल्यानंतर तिच्या कार्यावर ठेवण्यात येणारी देखरेखही या विषयात अंतर्भूत होते.

परीक्षणाचा पाया म्हणजे आवश्यकतांचा लेखी तपशील. प्रत्येक आवश्यकतेसाठी चाचण्या योजतात व प्रत्येक चाचणीत पुरवावयाची माहिती आणि अपेक्षित फल आधीच लिहून ठेवतात. प्रथम सुटे घटक, नंतर त्यांची जुळणी व अखेरीस संपूर्ण प्रणाली तपासतात. सर्व शक्य मूल्ये तपासणे अशक्य असल्यामुळे सीमेवरील व चुकीची मूल्ये मुद्दाम निवडतात. चाचण्यांनी दोष उघडकीस येतात. दोष मुळीच नाहीत, हे मात्र सिद्ध होत नाही.

सोलापूरसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात परिचयाचा असलेला संगणकीकृत सातबारा उतारा हे याचे बोलके उदाहरण होय. समजा, एका गटाचे क्षेत्र २ हेक्टर ४० आर असून तीन खातेदारांकडे अनुक्रमे १ हेक्टर, ८० आर व ६० आर जमीन आहे. १०० आर म्हणजे १ हेक्टर. तेव्हा ८० व ६० आर यांची बेरीज १ हेक्टर ४० आर यावयास हवी. तिसऱ्याच्या नावे ७० आर नोंदविल्यास एकूण क्षेत्र जुळत नसल्याने ती नोंद नाकारली गेली पाहिजे. परंतु पहिल्या व तिसऱ्या खातेदारांच्या क्षेत्रांची अदलाबदल झाल्यास बेरीज कायम राहते. केवळ बेरजेच्या निकषावर हा दोष कळत नाही. तथापि एका खातेदाराची ४० आर जमीन कागदोपत्री दुसऱ्याकडे जाते. पीककर्ज, खरेदीखत व वारसनोंद यांस हाच उतारा आधारभूत असतो.

म्हणून आज्ञावली तपशिलाशी जुळते काय, याबरोबरच तिने दिलेले फल वस्तुस्थितीशी जुळते काय, हेही पाहणे आवश्यक ठरते. महाराष्ट्रात संगणकीकृत उतारे मूळ हस्तलिखित अभिलेखांशी ताडून पाहण्यात आले आणि २०१७ मध्ये गावोगावी चावडीवाचन करून खातेदारांच्या हरकती घेण्यात आल्या. २०१८ मध्ये डिजिटल स्वाक्षरीचे उतारे उपलब्ध झाले.

आज्ञावलीत बदल केल्यावर जुन्या चाचण्या पुन्हा घ्याव्या लागतात. कारण एक दोष दुरुस्त करताना दुसरा निर्माण होऊ शकतो. नाकारलेल्या नोंदी, प्रणाली बंद पडण्याचे प्रसंग व वापरणाऱ्यांच्या तक्रारी यांची नोंद ठेवून तपशिलातील उणिवा शोधतात व त्यांनुसार नव्या चाचण्या योजतात.