श्रीपूरच्या खिशात बकलावा

२०२५च्या ऑगस्टमध्ये देशभरातल्या असंख्य लोकांना अचानक वाटलं, की आपला फोन कुणीतरी रातोरात बदलून ठेवला. कॉल घ्यायचं बटण भलत्याच जागी, आवडीचे नंबर आणि झालेले कॉल एकाच पानात कोंबलेले, बटणं जाडजूड गोल. मोबाइलच्या दुकानापुढे उभं राहून ‘म्या काय बी दाबलं नव्हतं’ असं शपथेवर सांगणारी सगळी मंडळी निर्दोष होती. गंमत म्हणजे, अँड्रॉइडसुद्धा निर्दोष होतं. बदललं होतं ते गूगलचं ‘फोन’ नावाचं अ‍ॅप. कॉल लावायचा पडदा हेही एक अ‍ॅपच असतं आणि इतर अ‍ॅप्ससारखंच तेही गुपचूप अपडेट होतं. त्या अ‍ॅपवर बोट दाबून धरायचं, माहितीत जायचं, ‘अपडेट काढून टाका’ म्हणायचं, की जुना चेहरा परत. अपडेटवरचा राग बऱ्याचदा असाच चुकीच्या पत्त्यावर जातो.

आता खरं अपडेट.

गोडाचं गाव, गोडाचा फोन

अँड्रॉइड १६ हे १० जून २०२५ला आलं. त्याचं आतल्या गोटातलं नाव बकलावा. २००९च्या ‘कपकेक’पासून गूगल आपल्या आवृत्त्यांना वर्णमालेच्या क्रमाने गोड पदार्थांची नावं देत आलं. २०१९ला जाहीरपणे ती प्रथा बंद झाली. कारण असं दिलं, की ‘पाय’ हा सगळीकडे गोडच असतो असं नाही आणि मार्शमॅलो कित्येक देशांत कुणाला माहीतच नसतो. पण खाणाऱ्याचं तोंड बंद होतंय थोडंच! इंजिनीयर आतल्या आत नावं ठेवतच राहिले : तिरामिसू, व्हॅनिला आइस्क्रीम, आणि मग वर्णमाला गुंडाळून थेट बकलावा.

आता या गोड यादीत श्रीपूर कुठून आलं? १९३४ साली चंद्रशेखर आगाशे यांनी बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापन केली आणि तिचा साखर कारखाना सोलापूर जिल्ह्यातल्या श्रीपूरला उभा राहिला. आज तिथं पांडुरंग सहकारी साखर कारखान्यात ऊस गाळला जातो. ज्या गावाचं पोटच साखरेवर चालतं, त्या गावाने या यादीकडे बघून रुसायला हरकत नाही. ‘एम’ला मोदक होता, ‘जे’ला जिलेबी होती, ‘पी’ला तर साक्षात पुरणपोळी. मल्याळी लोकांनी २०१६ला ‘एन’साठी नेय्यप्पमचा जोरदार प्रचार केला होता, मिळालं नूगट, पण निदान मागितलं तरी. आपण गप्प बसलो.

आयफोनवाल्यांचा घोळ वेगळा. अठरानंतर एकदम सव्वीस! मधल्या सात आवृत्त्या चोरीला गेलेल्या नाहीत. अ‍ॅपलने गाड्यांच्या मॉडेलसारखा पुढच्या सालाचा आकडा लावायला सुरुवात केली, एवढंच. १५ सप्टेंबर २०२५ला आयओएस २६ आलं आणि पडदा काचेसारखा झाला. दिसतो छान. भर उन्हात फडाच्या बांधावर उभं राहून त्या काचेमागचं वाचून दाखवा, मग बोलू.

मिल हाऊसमध्ये रिंग कुणाला ऐकू येते?

चकचकीत जाहिरातीत न येणारी सोय बहुधा जास्त कामाची असते. अँड्रॉइड १४पासून, म्हणजे २०२३पासून, कॉल किंवा मेसेज आला की कॅमेऱ्याचा फ्लॅश लुकलुकवता येतो. सेटिंगमध्ये नोटिफिकेशनच्या आत शोधा. आयफोनवर हे आयओएस ५पासून, म्हणजे २०११पासून आहे. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी केलेली ही सोय; पण गव्हाणीपाशी उभ्या असलेल्या कामगाराला, किंवा स्पीकर फुल्ल लावून ट्रॅक्टर हाकणाऱ्या चालकाला, याहून उपयोगी दुसरं काय असणार?

हंगाम संपला, परवानगी गेली

उसाची नोंद आता फोनवरही होते. साखर आयुक्तालयाने २०२२मध्ये ‘महा-ऊस नोंदणी’ नावाचं अ‍ॅपही काढलं. गळीत हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी आटोपतो; मग असली अ‍ॅप्स महिनोन्महिने कुणी उघडत नाही. अँड्रॉइड ११ने २०२०मध्ये एक नियम आणला : जे अ‍ॅप काही महिने उघडलं नाही, त्याच्या लोकेशन, कॅमेरा वगैरे परवानग्या फोन आपणहून काढून घेतो. पुढे जुन्या फोनांनाही तो लागू झाला. त्यामुळे नव्या हंगामात ‘अ‍ॅप बिघडलं’ अशी ओरड झाली, तर आधी परवानग्या पाहाव्यात. नियम मात्र झकास आहे. कधीकाळी टाकलेलं कर्जाचं किंवा लुडोचं अ‍ॅप वर्षभर तुमचा ठावठिकाणा बघत बसू नये, यासाठीच तो आहे.

ओट्यावरचा भूकंपमापक

किल्लारीचा भूकंप ज्यांनी अनुभवला, ते ३० सप्टेंबर १९९३ची ती पहाट विसरलेले नाहीत. चार वाजायला चार-पाच मिनिटं होती. सोलापूर जिल्ह्यातही माणसं अंथरुणातून बाहेर पळाली होती. देशात मोबाइलवर पहिला कॉल झाला तो त्यानंतर जवळपास दोन वर्षांनी, ३१ जुलै १९९५ला.

सप्टेंबर २०२३पासून भारतातल्या अँड्रॉइड फोनांत भूकंपाचा इशारा मिळतो. यंत्रणा डोकेबाज आहे. फोन आडवा केला की पडदा फिरतो, तो ज्या अ‍ॅक्सिलरोमीटरमुळे, तोच हादराही ओळखतो. फोन चार्जिंगला लावलेला आणि स्थिर असला, की तो पाळतीवर असतो. एकाच भागातल्या पुष्कळ फोनांना एकाच वेळी हादरा जाणवला, की त्यांचे संदेश सर्व्हरकडे जातात, तिथे केंद्र आणि तीव्रता ठरते, आणि लांबच्या फोनांना इशारा सुटतो. हे जमतं, कारण जमिनीतली विध्वंसक लाट सेकंदाला तीन-चार किलोमीटर पळते. इंटरनेटचा संदेश तिच्या कितीतरी पुढे निघून जातो.

आता हिशेब करा. किल्लारी ते श्रीपूर हे सरळ रेषेत साधारण दीडशे किलोमीटर. लाटेला इथवर यायला पाऊण मिनिट लागेल. हादरा ओळखण्यातली काही सेकंदं वजा केली, तरी पोरांना उचलून अंगणात यायला किंवा मजबूत टेबलाखाली शिरायला वेळ उरतो. केंद्राजवळच्या गावांना मात्र ही यंत्रणा काहीच देऊ शकत नाही, हे स्वच्छ सांगायला हवं. इशारे दोन तऱ्हांचे : सौम्य हादऱ्यासाठी नुसती सूचना, आणि जोराच्या हादऱ्यासाठी फोन सायलेंटवर असला तरी बोंब मारणारा. ही सोय अँड्रॉइड ५ आणि त्यापुढच्या फोनांवर चालते, म्हणजे आजीचा जुना फोनसुद्धा यात आला. सेटिंगमध्ये ‘सुरक्षितता आणि आपत्कालीन’मध्ये जाऊन भूकंपाच्या इशाऱ्याची कळ चालू आहे ना, एवढं बघून घ्या. सगळ्या यादीत मला सर्वांत आवडलेली सोय हीच.

गर्दीत फोन ओढला तर

माळीनगरचं उभं रिंगण आटोपून तुकोबांची पालखी बोरगावच्या मुक्कामाला जाते, ती श्रीपूरच्याच पट्ट्यातून. गर्दीत सगळेच माळकरी नसतात. ऑक्टोबर २०२४पासून अँड्रॉइड १० आणि पुढच्या फोनांत चोरी ओळखणारं कुलूप आलंय : हातातून फोन हिसकावून कुणी पळालं किंवा दुचाकीवरून सटकलं, की त्या झटक्यावरून फोन काय ते ताडतो आणि पडदा लॉक करतो. चोर फोन परत आणून देत नाही. पण यूपीआयपर्यंत त्याचा हात पोचत नाही.

उसाला इमोजी नाही

साडी, पणती, मंदिर आणि रिक्षा ही चारही चित्रं २०१९च्या एकाच यादीत आली. इमोजी फोनच्या सिस्टीमबरोबर येतात, म्हणून नव्या फोनवरून पाठवलेली पणती जुन्या फोनवर रिकाम्या चौकटीसारखी दिसते. ‘शुभ दीपावली’च्या पुढे तीन चौकटी आल्या, तर काकांनी अपमान समजू नये. ऊस मात्र अजून यादीत नाही. मका आहे, वांगं आहे, लसूण आहे, कांदा आहे. जगाला साखर पुरवणाऱ्या पिकाला जागा नाही! संक्रांतीच्या शुभेच्छांत उसाच्या जागी जे हिरवं कांडं दिसतं, ते जपानी सणातलं बांबूचं.

चित्रांत जागा नसली, तरी कॅलेंडरात मराठी पोचली : आयओएस २६मध्ये मराठी पंचांगाचं कॅलेंडर आलंय, इंग्रजी तारखेच्या जोडीला लावता येतं. १९७३पासून भिंतीवर असलेल्या कालनिर्णयाने घाबरायचं कारण नाही : दुधाचा हिशेब लिहायला मागची बाजू लागतेच. आयफोनच्या लॉक स्क्रीनवरच्या घड्याळाला देवनागरी आकडे त्याआधीच मिळाले होते. अँड्रॉइडला मराठी आलं २०१४ला, लॉलीपॉपमध्ये. आणि सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू मंडळींना आठवत असेल, फेब्रुवारी २०१८मध्ये तेलुगूतलं एकच जोडाक्षर मेसेजमध्ये आलं की आयफोनवरची अ‍ॅप्स धडाधड कोसळायची. त्या एका अक्षरासाठी अ‍ॅपलला आयओएस ११.२.६ काढावं लागलं.

आपल्या भाषांसाठी एक देशी प्रयत्नही झाला होता. आयआयटी मुंबईत शिकलेल्या राकेश देशमुख आणि साथीदारांनी २०१५च्या सुमारास ‘इंडस ओएस’ नावाची देशी भाषांची सिस्टीम मायक्रोमॅक्सच्या फोनवर आणली होती. बोट सरकवलं की मेसेज आपल्या लिपीत, आणि अ‍ॅप घ्यायला ईमेलची सक्ती नाही. एक काळ असा होता, की भारतात तिचे फोन आयफोनपेक्षा जास्त विकले जात होते. आज ती कुणाला आठवतही नाही.

आणि शेवटी, कारखान्याच्या वजनकाट्यावर नंबर लांब असेल तेव्हासाठी. सेटिंगमध्ये ‘फोनविषयी’मध्ये जा, ‘अँड्रॉइड व्हर्जन’वर पटापट टिचक्या मारा. चित्र उमटलं की ते दाबून धरा, पुन्हा दाबून धरा. अँड्रॉइड १४ किंवा त्यापुढे असाल तर थेट अवकाशयान हाती येतं. ग्रहावर उतरताना वेग कमी करा, नाहीतर आपटतं.