कडाक्याच्या थंडीत डिझेल इंजिन कसे सुरू कराल?



निफाड-दिंडोरीकडची थंडी द्राक्षवाल्यांना सांगायला नको. डिसेंबर २०१८ मध्ये निफाडला पारा दोन अंशांच्या आसपास उतरला होता. अशा रात्री पहाटे बागेला पाणी द्यावे लागते. विहिरीचे पाणी बाहेरच्या हवेपेक्षा उबदार असते, त्याने बागेतला गारठा थोडा कमी होतो. पण वीज नेमकी तेव्हाच नसते. मग कोपऱ्यातल्या डिझेल इंजिनाची आठवण होते, आणि दहा वेळा हँडल मारले तरी ते दाद देत नाही!

असे का होते? डिझेल इंजिनाला ठिणगीचा प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा पिस्टन सोळा-सतरा पट दाबतो, त्या दाबाने ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्यात उडालेले डिझेल आपोआप पेटते. थंडीत सिलिंडरचे गार लोखंड ही उष्णता शोषून घेते. शिवाय ऑइल घट्ट झालेले असते, म्हणून इंजिन सावकाश फिरते आणि दाबलेली हवा रिंगांच्या बाजूने निसटते. म्हणजे उष्णता आधीच कमी, त्यात गळती. रिंगा झिजलेले इंजिन उन्हाळ्यात कसेबसे चालते आणि थंडीत उघडे पडते, त्याचे कारण हेच.

म्हणून पहाटेची तयारी आदल्या संध्याकाळी करावी. टाकी भरून ठेवा. अर्धी टाकी असली की रात्री आतल्या हवेतला दमटपणा थेंब होऊन डिझेलमध्ये उतरतो. फिल्टरच्या तळाचे पाणी काढून टाका. ऑइल कंपनीच्या पुस्तिकेत दिले असेल त्याच नंबरचे घाला. 'जाड ऑइल चांगले' ही समजूत थंडीत नडते.

डिझेलचीही एक गोष्ट लक्षात ठेवा. त्यात मेणासारखा अंश असतो, तो गारठ्यात गोठून फिल्टर चोंदवतो. आपल्याकडच्या मानकाप्रमाणे नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या डिझेलसाठी ही मर्यादा ६ अंश आहे, बाकीच्या महिन्यांसाठी १८ अंश. तेव्हा मे महिन्यात कॅनमध्ये भरून ठेवलेले डिझेल जानेवारीच्या पहाटे वापरू नका. ते थंडीच्या आधीच संपवा.

आता हँडलचे इंजिन. डीकॉम्प्रेशनचा खटका उचलून ठेवा आणि पंधरा-वीस फेरे नुसते मारा. ऑइल सगळीकडे पोचते, अंगही मोकळे होते. नोझलचा कटकट आवाज ऐकू आला म्हणजे डिझेल पोचले. मग जोराने वेग घेऊन खटका सोडा. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला असू द्या. इंजिनाने उलटा झटका दिला तर विळखा घातलेला अंगठा किंवा मनगट मोडते. आणखी एक, थंडीमुळे आपण मफलर, शाल, घोंगडी गुंडाळून जातो. ती इंजिनापाशी जाण्याआधी काढून ठेवा. पट्ट्यात किंवा चाकात पदर अडकला तर माणूस ओढला जातो, सोडवायला वेळ मिळत नाही.

तरीही सुरू होत नसेल तर पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाच्या जॅकेटमध्ये गरम पाणी भरा. पण हाताला सोसेल इतपतच. गार बीडावर उकळते पाणी पडले तर तडा जातो. हवेच्या तोंडाशी पेटता बोळा धरणे, पेट्रोल शिंपडणे, टाकीखाली शेकोटी करणे हे प्रकार गावोगाव चालतात. एखाद्याचे जमते म्हणून आपण करू नये. आग तर लागतेच, अवेळी भडका उडून पिस्टनही फुटतो.

ट्रॅक्टरवाल्यांनी क्लच पूर्ण दाबून स्टार्टर द्यावा. गिअरबॉक्समधल्या घट्ट ऑइलचे ओझे तेवढे कमी होते. हीटर असेल तर आधी तो पुस्तिकेत सांगितला आहे तितका वेळ तापू द्या. स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नका, मध्ये मिनिटभर थांबा. थंडीत बॅटरीची ताकद आधीच घटलेली असते.

सुरू झाल्यावर थोडा पांढरा धूर येतो, ते न जळालेले डिझेल असते. पाच-दहा मिनिटांत तो जायला हवा. गेला नाही तर नोझल किंवा रिंगा दाखवून घ्या. हँडल मारताना धूर अजिबातच दिसला नाही तर डिझेलच पोचत नाही, लाइनमधली हवा काढा.

लगेच रेस देऊ नका. तीन-चार मिनिटे बेताच्या वेगाने चालू द्या, मग हळूहळू भार टाका. सेंट्रिफ्यूगल पंप जोडलेला असेल तर डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद ठेवून सुरू करावे, भार कमी पडतो; मात्र नंतर लवकर उघडा. उलट, तासभर रिकामे चालवत ठेवणेही वाईट. गार इंजिनात डिझेल नीट जळत नाही, ते ऑइलमध्ये उतरते आणि काजळी धरते. विहिरीचे पाणी सरळ इंजिनातून फिरवत असाल तर त्याचा कॉक थोडा आवळा. बाहेर पडणारे पाणी चांगले गरम लागले पाहिजे. सतत गार राहिलेले इंजिन लवकर झिजते.

शेवटची गोष्ट इंजिनापेक्षा माणसाच्या जिवाची आहे. गारठा लागतो म्हणून इंजिनघराचे दार लावून आत शेकत बसू नका. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही; डोके जड होते आणि माणूस झोपेतच जातो. विहिरीतल्या टप्प्यावर इंजिन बसवलेले असेल तर धोका आणखी मोठा. धुराचा पाइप विहिरीच्या काठाबाहेर, उंच काढलेला असावा. इंजिन चालू असताना खाली उतरलेला गडी हाकेला ओ देत नसेल तर त्याच्यामागे कोणी उतरू नये. आधी इंजिन बंद करा, माणसे बोलवा. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधून त्याचे टोक वर धरलेले असल्याशिवाय कोणालाही खाली सोडू नका.